परवा, चार वाजून दहा

१

दोष काकांचा होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. घरातली मोठी माणसं दोष वाटून घ्यायला बसली की तो हातोहात खाली सरकतो आणि शेवटी सगळ्यांत लहान माणसाच्या ताटात पडतो.

काकांचं इमारतींचे नकाशे काढून द्यायचं ऑफिस होतं. दुसरा मजला, तीन खोल्या. बाहेर टायपिस्ट मावशी, मधे काकांची केबिन आणि पार आत नकाशांची खोली. तिथे इंजिनिअरचे वडील एकवीस वर्षं वाकून रेघा मारत बसले. इंजिनिअर म्हणजे काकांचा पुतण्या. तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेल्या पोराला हे नाव काकांनीच ठेवलं होतं. गिऱ्हाइकांसमोर ते हे नाव मानाने घेत, घरच्यांसमोर दात काढत. दोन वर्षं तो तिथे कॉम्प्युटर बघायचा, प्रिंटरमधला अडकलेला कागद उपसायचा आणि फोन घ्यायचा. फोनवर सांगायचं एकच असायचं: परवा या.

त्या ऑफिसात तारखा नव्हत्याच, परवा होता. नकाशा कधी मिळेल? परवा. साहेबांची सही? परवा. बरं, हा शब्द दोन्हीकडे तोंड असलेला. "परवाचं ते काय झालं?" म्हटलं की होऊन गेलेला, "परवा बघू" म्हटलं की कधीच न होणारा. केबिनमधून नुसतं "परवा लिहा!" एवढंच ओरडून यायचं. आवाज चढा असला तर मागचा, सुस्त असला तर पुढचा, असं मावशी आपलं आपण ओळखत. ओळखू आलं नाही तर समोर जो चौकोन असेल त्यात विषय म्हणून 'परवा' असं टाइप करून मोकळ्या होत. बारा वर्षं मेलच्या कॅलेंडरमध्ये असे परवा साठत गेले.

त्यात काका संध्याकाळी कॉम्प्युटर रीतसर बंद करत नसत, भिंतीवरचं बटण दाबत. "बटण बंद केलं की बंद. त्यात काय शिकायचंय?" बारा वर्षांची मेल आणि कॅलेंडर एकाच फाइलमध्ये होतं. ती फाइल रोज संध्याकाळी लिहिता लिहिता मान मुरगळल्यासारखी मरायची आणि सकाळी कशीबशी उठायची. एका सोमवारी ती उठलीच नाही. म्हणजे उठली, पण भ्रमिष्टासारखी. मंगळवारची मीटिंग बुधवारात दिसायला लागली. पाडून टाकलेल्या इमारतीच्या पाहणीची आठवण दर दहा मिनिटांनी टिंग करून वाजायला लागली.

"इंजिनिअर, हे बघ काय झालंय."

"तुम्ही रोज भिंतीवरचं बटण..."

"कारणं नकोत. मला चालू करून दे."

"कधीपर्यंत?"

"परवापर्यंत," काका म्हणाले आणि फोन उचलला.

२

केबिनमध्ये बसून काम करणं शक्य नव्हतं. काका पाठीशी उभे राहून श्वास सोडत. म्हणून इंजिनिअरने कॉम्प्युटर सोडवला आणि आतल्या खोलीत नेला.

वडील गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, ती खोली अडगळीची झाली होती. उतरतं टेबल, त्याची कड वडिलांच्या मनगटाने झिजून गुळगुळीत झालेली. भिंतीला गुंडाळ्यांचा ढीग. एकच खिडकी, ती इमारतीच्या मधल्या पोकळीत उघडणारी. तिच्यातून प्रकाश यायचा तोही थकून आल्यासारखा. दाराला धुरकट काच. ट्यूबलाइट लावली की आधी तीनदा विचार करायची, मग लागायची. इंजिनिअर दाराकडे पाठ करून बसला, कारण प्लग त्या बाजूला होता.

काम कंटाळवाणं होतं. आधी फाइलची प्रत काढायची. मग दुरुस्तीचं टूल चालवायचं. ते फाइलवरून आठ फेऱ्या मारतं आणि प्रत्येक फेरीला पट्टी इतकी हळू सरकते की माणसाला स्वतःच्या आयुष्याचा हिशोब आठवायला लागतो. सहाव्या फेरीला तो बाहेर जाऊन चहा पिऊन आला. परत आला तेव्हा टूलने तुटक्या नोंदी वेगळ्या काढून एका फोल्डरमध्ये टाकल्या होत्या. फोल्डरचं नाव 'सापडलेले'.

तीनशे अकरा नोंदी. तीनशे दहा नुसता कचरा: अर्धे शब्द, चौकोन, प्रश्नचिन्हं. एक धड होती.

'परवा. धाकटे. दादांशी बोलायचं. २० मि.'

वेळ चार वाजून दहा. वार बुधवार. या आठवड्यातला.

धाकटे म्हणजे त्याचे वडील, दादा म्हणजे काका. सगळं ऑफिस त्यांना धाकटेच म्हणायचं, अगदी केस पिकले तरी. इंजिनिअरने खांदे उडवले. जुनी नोंद असणार. तारखेचे आकडे बिघडले की अशा नोंदी कुठेही जाऊन पडतात. त्याने ती पुसली.

मंगळवारी सकाळी त्याने कॅलेंडर उघडलं. नोंद तिथेच होती, फक्त आता ती गुरुवारात होती.

त्याने पुन्हा पुसली. पुसताना मागच्या आठवड्याकडे नजर गेली. रविवारच्या चौकोनात, चार वाजून दहाला, आणखी एक होती.

'आलो होतो. दादा नव्हते.'

रविवारी ऑफिस बंद असतं. किल्ली काकांकडे असते आणि काका रविवारी झोपतात.

३

बुधवारी दुपारी काका साइटवर गेल्यावर त्याने मावशींना विचारलं. मावशी गेली चौदा वर्षं त्याच खुर्चीत बसत होत्या आणि निवृत्तीला जेमतेम वर्ष उरल्यामुळे कशाचाच धक्का घ्यायला तयार नव्हत्या.

"मावशी, बाबांच्या नावाची एक नोंद सापडली. वीस मिनिटांची."

त्यांची बोटं थांबली. "ती? अजून आहे?"

"म्हणजे तुम्हीच टाकली?"

"मीच. सख्ख्या भावाशी बोलायला माझ्याकडे वेळ मागायला आले होते रे. शर्टाचं वरचं बटण लावून. मी म्हटलं, धाकटे, सरळ आत जा की. तर म्हणाले, नको, दादा कामात असतो, तुम्ही विचारा. मी इंटरकॉमवर विचारलं."

"आणि काका म्हणाले परवा."

"आणखी काय म्हणणार? मी म्हटलं, किती वेळ लिहू? म्हणाले, वीस मिनिटं पुरतील."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले."

ते इंजिनिअरला माहीत होतं. बूट घालायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. तेव्हा हा हॉस्टेलवर होता, तीन विषयांत नापास होऊन घरी न सांगता. वडिलांना ते कळलं होतं का, हे त्याला कधीच समजलं नाही. कळलं असेल तर भावाशी तेच बोलायचं असेल. किंवा छातीत दुखत असेल, ते. किंवा एकवीस वर्षांनी एकदाचं सांगायचं असेल की मला आता इथे यायचं नाही. बाबांना कळलं होतं का, हा प्रश्न चार वर्षं दातात अडकलेल्या धाग्यासारखा त्याच्या तोंडात होता, पण विचारायचं कोणाला हे माहीत नव्हतं, कारण असं काही बोलणं राहिलंय हेच आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

"मावशी, काय बोलायचं होतं त्यांना?"

"मला कसं माहीत असणार बाळा? मी टाइप करते." मग त्या पुन्हा टाइप करायला लागल्या. दोन ओळी झाल्यावर वर न बघता म्हणाल्या, "पुसून टाक ते. उगीच."

४

पुसून होत नव्हतं, हाच तर प्रश्न होता.

त्याला भुताखेतांचा राग होता. घरातली मोठी माणसं स्वतःच्या चुका ज्यांच्या ज्यांच्या नावावर खपवतात, त्यांत भुतंही आली. त्यामुळे त्याने सगळं रीतसर केलं. नेटची वायर काढली. कोरी फाइल बनवली आणि तिच्यात फक्त पुढच्या सहा महिन्यांच्या खऱ्या मीटिंगा आणल्या. कॅलेंडर उघडलं. आज बुधवार, तर नोंद शुक्रवारात: चार दहा, धाकटे.

मग त्याने कॉम्प्युटरचं घड्याळ एक दिवस पुढे केलं. नोंद शनिवारात गेली. आणखी एक दिवस पुढे केलं, ती रविवारात गेली. तो जितका पुढे जाईल तितकी ती पुढे. आणि मागे, बरोबर दोन दिवस मागे, दुसरी. काल, आज आणि उद्या हे तीन चौकोन मात्र कायम स्वच्छ. नोंद परवावरून परवावर उडी मारत होती आणि आजवर पाय टेकत नव्हती.

रोज पुन्हा पुन्हा येणारी नोंद असली आणि तिचा नियम बिघडला तर असं होऊ शकतं, असं त्याने स्वतःला समजावलं. ऐकायला ठीक वाटलं. मग मागची नोंद वाचली. घड्याळ खरं केल्यावर ती सोमवारी होती.

'आलो होतो. दादा नव्हते. दिवा चालू होता.'

सोमवारी चहाला जाताना त्याने दिवा तसाच ठेवला होता. मावशींनी पाहिला असेल. मावशींनी लिहिलं असेल. पण मावशी आत येत नाहीत, आणि वायर तर त्याच्या हातात होती.

गुरुवारी सकाळी मागची नोंद मंगळवारची होती. ती त्याने उभ्या उभ्याच वाचली.

'आलो होतो. दादा नव्हते. टेबलाशी कोणीतरी बसलं होतं. पाठ दिसली.'

मंगळवारी चार वाजता तो त्याच टेबलाशी, त्याच खुर्चीत, दाराकडे पाठ करून बसला होता. दार वाजलं नव्हतं. आठवून आठवून एवढंच आठवलं की मधेच पायांना गार लागलं होतं आणि खिडकी लावायला हवी असं वाटलं होतं. तो उठला नव्हता.

ओळखलं नाही त्यांनी, हा विचार भीतीच्याही आधी आला. चार वर्षांत पाठ रुंद झाली असेल.

त्या दिवसापासून तो दाराकडे तोंड करून बसायला लागला. वायर ताणून प्लगपर्यंत नेली. चालताना तिच्यात पाय अडकायचा.

५

"अजून चालू नाही झालं?" काका गुरुवारी दुपारी आत डोकावले. उंबऱ्याच्या आत मात्र त्यांनी पाय टाकला नाही. इंजिनिअरच्या लक्षात आलं की इथल्या दोन वर्षांत त्याने काकांना या खोलीत कधी पाहिलंच नाही.

"झालंय. एक नोंद जात नाही."

"कसली?"

त्याने स्क्रीन वळवला. काकांनी चष्मा कपाळावर ढकलला, वाचलं आणि चष्मा पुन्हा खाली घेतला.

"डिलीट कर."

"चार दिवस तेच करतोय. काका, बाबांना काय बोलायचं होतं?"

"मला काय माहीत?"

"तुम्ही ऐकलं नाहीत म्हणूनच माहीत नाही."

"हे बघ," काकांचा आवाज एकदम घरातल्यासारखा झाला, "धाकट्याला सारखं काहीतरी बोलायचं असायचं. खुर्ची टोचते, खिडकीतून वास येतो. सगळ्यांचं ऐकत बसलो असतो तर हे ऑफिस उभं राहिलं असतं? आणि तो गेल्यावर तुला कोणी घेतलं इथे? कॉलेजने हाकललेल्याला?"

"हाकललं नाही, मी सोडलं."

"तेच ते."

"उद्या चार दहाला इथे थांबा. वीस मिनिटं. बस्स, एवढंच मागतोय."

काकांनी घड्याळ बघितलं. बघायचं म्हणून बघितलं, दुपारचे दोनच वाजले होते. त्यांच्या कानशिलावर घाम होता. "उद्या मला साइट आहे."

"मग?"

"परवा बघू," काका म्हणाले.

म्हणून झाल्यावर तो शब्द त्यांनाही ऐकू आला असावा. ते दारातच क्षणभर उभे राहिले, मग केबिनमध्ये जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. भावाच्या मयताला हा माणूस रडला होता, सगळ्यांदेखत, हमसून. इंजिनिअरला तेव्हा ते खरं वाटलं होतं. आताही खरंच वाटत होतं, आणि त्यामुळेच डोकं जास्त फिरत होतं.

६

शुक्रवारी पावणेचारला काका जिना उतरून गेले. नेहमीपेक्षा पटापट.

इंजिनिअरने आतल्या खोलीचं दार लावलं, खिडकी उघडी ठेवली आणि कॅलेंडर उघडलं. नोंद रविवारात बसली होती. त्याने तिच्यावर माउस ठेवला, दाबून धरला आणि ओढायला लागला. शनिवारावर ती जरा अडकली. मग शुक्रवारात, आजच्या चौकोनात, येऊन पडली.

प्रोग्रामने विचारलं: फक्त ही एक हलवायची, की सगळी मालिका?

त्याला वाटलं, एकच हलवली तर बाकीच्या तशाच उड्या मारत राहतील. चार वर्षांचे सगळे परवा एकदाचे आजवर आणून टेकवले की झालं. त्याने 'सगळी' दाबलं. मागचे पुढचे सगळे चौकोन एका झटक्यात रिकामे झाले. आठवड्यात एकच नोंद उरली. आज, चार दहा.

चार वाजले. बाहेर मावशींचं टाइपिंग चालू होतं. तो मनातल्या मनात वाक्य घोळवत होता. या बाबा. बसा. मी आहे. काका नाहीत, पण मी ऐकतो. वाक्य साधं होतं. तरी ते जिभेवर नीट बसेना. घरात कोणी कोणाला 'बसा, ऐकतो' असं म्हटलेलं त्याने कधी ऐकलं नव्हतं.

चार पाच. चार आठ. ट्यूबलाइटची गुणगुण थांबली, दिवा चालू असूनही. मग लक्षात आलं की टाइपिंगही थांबलंय.

केबिनच्या कडेने आत येणाऱ्या बोळातून पावलं आली. उजवं पाऊल नीट पडायचं, डावं जरा घासत. ती चाल तो पार विसरला होता आणि ऐकल्याबरोबर त्याने ती ओळखली. पावलं काकांच्या केबिनपाशी थांबली नाहीत. सरळ आतल्या दाराशी आली.

धुरकट काचेत एक आकार उभा राहिला. आठवणीतल्यापेक्षा बुटका. खांदे पुढे आलेले, एकवीस वर्षं टेबलावर वाकल्यावर येतात तसे. काचेच्या अगदी जवळ एक हात वर आला. दार वाजवावं की नाही अशा विचारात बोटं अर्धवट मिटलेली, आणि बोटांच्या बाजूला शाईचा डाग. आकाराला चेहरा होता, पण काचेने तो पुसून टाकला होता, आणि त्याबद्दल इंजिनिअरला आभार मानावेसे वाटले.

हाताने दोनदा वाजवलं. हळू. नोकराने साहेबाचं वाजवावं तसं.

"दादा, आहेस ना?"

तो आवाज थकलेला होता. रागाचा टिपूस नव्हता त्यात. इतक्या फेऱ्या मारलेल्या माणसाला राग यायला हवा होता.

"वीस मिनिटं हवी होती," आवाज म्हणाला. "मोकळा आहेस का?"

या बाबा, बसा. तोंड उघडलं. हात टेबलाच्या गुळगुळीत कडेवर घट्ट होता. दोन वर्षं, दिवसाला चाळीस फोन. पलीकडून कोणी तरी मागतंय आणि आपण घाबरलोय, कंटाळलोय, उत्तर माहीत नाही. अशा वेळी जीभ विचारून हलत नाही. ती पायवाटेने जाते.

"परवा," तो म्हणाला.

आवाजही त्याचा नव्हता. सुस्त होता, पुढच्या परवाचा होता.

काचेतला आकार हलला नाही. हात हळूच खाली आला.

"बरं," आवाज म्हणाला.

इंजिनिअर उठला तो वायरीत पाय अडकून गुडघ्यावर आदळला, तसाच सरपटत दारापर्यंत गेला आणि दार ओढलं. बोळ रिकामा होता. केबिन रिकामी होती. बाहेर मावशी दोन्ही हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मशीनकडे बघत नव्हत्या, जिन्याकडेही नव्हत्या.

"बाबा!" तो जिन्यात ओरडला. आवाज खालपर्यंत जाऊन परत आला.

मावशींनी बऱ्याच वेळाने विचारलं, "कोणाला रे परवा सांगितलंस?"

७

रविवारी त्याने काकांच्या घरून किल्ली आणली. कशाला हवी ते काकांनी विचारलं नाही. दुपारी दोनपासून तो आतल्या खोलीत बसून होता, दार सताड उघडं टाकून, दुसरी खुर्ची समोर ओढून. चार दहा झाले, साडेचार झाले, सहा झाले. कोणी आलं नाही. ट्यूबलाइट गुणगुणत राहिली.

निघण्यापूर्वी त्याने कॅलेंडर उघडलं. पुढचे सगळे चौकोन रिकामे होते. मागे, शुक्रवारात, एक ओळ होती.

'आलो होतो. दादा होते. परवा म्हणाले.'

मालिका एकाच दिवसावर आणून टेकवल्यावर तिला पुढचा दिवस उरत नाही. प्रोग्रामचा नियमच तसा आहे. घड्याळ त्याने पुढे करून पाहिलं, मागे करून पाहिलं. पहिल्या दिवशी काढून ठेवलेली जुनी प्रत उघडली. तिच्यातही बुधवारची नोंद नव्हती, धाकटे नव्हते. दुरुस्तीचं टूल पुन्हा चालवलं. आठ फेऱ्या. एकही चूक सापडली नाही.

सोमवारी काकांनी कॅलेंडर उघडून पाहिलं. मंगळवारच्या मीटिंगा मंगळवारात होत्या.

"चला," काका म्हणाले, "एक तरी काम धड केलंस."

इंजिनिअरने महिनाअखेर नोकरी सोडली. त्याच्या वडिलांना काय सांगायचं होतं, ते त्याला कळलं नाही.